काकांना विचारा : कोडं चोख आहे, पण माझं वाटत नाही

पत्र आलंय ते आधी थोडक्यात देतो.

"काका, मी नाशिकला गंगापूर रोडला राहते, सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. बरेच दिवस झाले, दर रविवारी आमच्या ग्रुपवर मी मराठी गूढ शब्दकोडं टाकते, म्हणजे इंग्रजी क्रिप्टिक क्रॉसवर्डसारखं पण मराठीत. ग्रुपमध्ये एक रिटायर्ड सर आहेत, सगळ्यात आधी तेच सोडवतात. परवा ते म्हणाले, 'कोडं चोख असतं तुझं, पण ते कुणीही केलेलं असू शकतं.' तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. स्वतःची स्टाईल आणायची कशी? नियम जरा मोडू का? शब्द अवघड घेऊ का? टोपणनाव घेतलं तर फरक पडेल का? नमुना म्हणून माझा एक क्लू देते: 'शिक ना'चा गोंधळ, शहर (३). – कोड्यात अडकलेली"

अगं अडकलेली, सरांचं वाक्य तू अर्धंच ऐकलंस. 'चोख असतं' हे ते आधी म्हणाले ना? रविवारी ग्रुपवर कोडी टाकणाऱ्या किती जणांना हे ऐकायला मिळतं, बहुतेकांच्या क्लूमध्ये एक तरी शब्द असा असतो की ज्याचं तिथे काहीच काम नसतं, नुसता भरती. तू ते शिकून बसलीयस, आणि आता पुढचा प्रश्न पडलाय, म्हणजे योग्य वेळीच पडलाय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गूढ कोड्यातल्या क्लूला दोन भाग असतात, एका भागात उत्तराचा सरळ अर्थ, दुसऱ्यात त्याच उत्तराच्या अक्षरांचा खेळ, आणि दोन्ही मिळून एक साधं निष्पाप वाक्य दिसतं जे तुम्हाला भलतीकडेच घेऊन जातं. 'शिक्षकांची गाडी राज्य चालवते (४)' म्हणजे सर अधिक कार, सरकार. ते जे वरवरचं वाक्य दिसतं त्याला सरफेस म्हणतात. कंसातला आकडा म्हणजे उत्तराला किती चौकोन. मराठीत एका चौकोनात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-जोडाक्षरासकट, म्हणून सरकार चार चौकोनांचं आणि द्राक्ष दोनच चौकोनांचं.

आता द्राक्षाचंच घेऊ, नाशिकचं आहे आणि कामाला येणार आहे. रुद्राक्षातून रु. काढला की द्राक्ष उरतं. ही युक्ती सुचली की निम्मं काम झालं असं वाटतं, पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं, कारण याच युक्तीवर तीन वेगवेगळी माणसं तीन वेगळे क्लू लिहितील. पहिला लिहील: 'रुद्राक्षातून रुपया वजा, फळ (२)'. बरोबर आहे, कुणाची तक्रार नाही, आणि कुणाला लक्षातही राहणार नाही. दुसरी लिहील: 'त्र्यंबकला घेतलेल्या मण्यातून रुपया वजा केला तर निफाडचं पीक हाती येतं (२)'. हिला आपला जिल्हा माहितीय, ती गोष्ट सांगतेय, जरा लांबण आहे पण ऐकायला बरं वाटतं. तिसरा लिहील: 'मण्यानं रुपया टाकला, तरी कोल्हा म्हणतो आंबट! (२)'. हा खोडकर आहे. मण्या नावाचा कुणी मुलगा पैसे टाकतोय असं वाटतं, आणि असतो तो माळेतला मणी, आणि 'टाकला' म्हणजे आत घातला असं नाही, टाकून दिला. युक्ती एकच, माणसं तीन. सर जे शोधतायत ते इथे आहे, युक्तीत नाही, युक्ती सुचल्यानंतर तू कुठल्या वाक्यावर थांबतेस त्यात आहे.

आणि तू पहिल्यावर थांबतेस. तुझा 'शिक ना'चा क्लू बघ. शिक ना, फिरवलं की नाशिक, काय सुंदर सापडलंय तुला हे, आणि मग तू त्याच्यावर 'चा गोंधळ, शहर' असं क्वालिटी डिपार्टमेंटचं लेबल चिकटवून मोकळी झालीस. अगं 'शिक ना' हे कुणीतरी कुणालातरी म्हणतंय! आई म्हणत असेल, क्लासवाले म्हणत असतील. 'शिक ना, असं पोराला फिरवून फिरवून सांगितलं, शेवटी गावच आलं (३)' हे मी पटकन लिहिलंय, फार भारी नाहीये, पण निदान त्यात कुणीतरी बोलतंय. शिवाय 'फिरवून' हा 'गोंधळ'पेक्षा नेमका आहे कारण अक्षरं इथे विस्कटत नाहीत, 'ना' नुसतं मागून पुढे येतं. माझा वापरू नकोस, तुझा लिही.

नियम मोडू का विचारलंयस. हा वाद जुना आहे आणि इंग्लंडात तो नीट होऊन गेलाय म्हणून तिकडचं सांगतो. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर' या वर्तमानपत्रात टॉर्कमाडा नावाने एडवर्ड पॉइस मॅदर्स कोडी करायचे, नाव घेतलं होतं स्पेनच्या धर्मन्यायाधीशाचं म्हणजे छळवाद्याचं, आणि कोडीही तशीच. ते १९३९ मध्ये गेले, त्यांच्या जागी आले डेरिक मॅकनट, शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवायचे, त्यांनीही दुसऱ्या एका धर्मन्यायाधीशाचं नाव घेतलं, झिमेनीझ. यांनी शिस्त लावली. प्रत्येक क्लूमध्ये नेमका अर्थ, प्रामाणिक शब्दखेळ आणि तिसरं काहीही नाही, एक शब्दसुद्धा जास्तीचा नाही. त्याच काळात अफ्रीत नावाने कोडी करणाऱ्या ए. एफ. रिची यांनी जे सांगून ठेवलंय ते आजही सगळे सेटर, म्हणजे कोडी रचणारे, एकमेकांना सांगतात, की मी जे म्हणतो तेच मला म्हणायचंय असं नाही, पण मला जे म्हणायचंय ते मी म्हटलेलंच असलं पाहिजे. हे वाक्य दोनदा वाच, वरचा मण्या त्यावर घासून बघ. 'तरी' शब्द तिथे जास्तीचा आहे, अक्षरांच्या खेळात त्याचं काही काम नाही, आणि 'कोल्हा म्हणतो आंबट' ही काही द्राक्षाची व्याख्या नाही, नुसता इशारा आहे. झिमेनीझने तो क्लू परत पाठवला असता.

आणि अरॉकेरियाने कदाचित ठेवला असता. अरॉकेरिया म्हणजे जॉन ग्रॅहॅम, पेशाने पाद्री, १९५८ पासून 'गार्डियन'ला कोडी द्यायचे. हा मोकळा माणूस, नियम वाकवायचा, एकेका कोड्यात एखादाच विषय धरून अख्खी ग्रिड, म्हणजे चौकोनांची जाळी, त्याच्याभोवती गुंफायचा, लांबलचक अ‍ॅनाग्राम करायचा (म्हणजे अक्षरांची फेरमांडणी करून नवा शब्द), आणि लोक त्याच्यावर जीव टाकायचे. नाव त्याने झाडाचं घेतलं होतं, ज्याला इंग्रजीत मंकी पझल म्हणतात आणि चिली पाइनही म्हणतात, आणि 'फायनान्शियल टाइम्स'मध्ये तो सिनेफाइल नावाने लिहायचा जो चिली पाइनच्या इंग्रजी स्पेलिंगचा अ‍ॅनाग्राम आहे. म्हणजे नावातसुद्धा स्वतःचंच कोडं. जानेवारी २०१३ मध्ये आपल्याला कॅन्सर झालाय हे त्याने वाचकांना कोड्यातूनच सांगितलं, क्लू सोडवत गेलं की आजाराचं नाव हाताला लागायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला, ९२ वर्षांचा होऊन. मला विचारशील तर स्टाईल म्हणजे काय याचं यापेक्षा मोठं उदाहरण नाही, इतका स्वतःचा आवाज झालेला होता की एवढी गोष्टसुद्धा त्या आवाजात सांगता आली.

पण तू यातून 'चला नियम मोडू' असा अर्थ काढशील म्हणून सांगतो, तो नियम वाकवायचा तेव्हा कुठला नियम कशासाठी वाकवतोय हे त्याला माहीत असायचं. सोडवणाऱ्याला 'अरे लबाडा!' असं वाटलं पाहिजे, 'ही फसवणूक आहे' असं नाही, आणि या दोन्हीतला फरक कळायला आधी बराच काळ सरळ चालावं लागतं. तू सरळ चालतेयस. आता एका कोड्यात एकच क्लू वाकडा ठेव, जो वाकडा करताना तुला हसू आलं असेल असा. बाकीचे चोखच राहू देत.

अवघड शब्द मात्र अजिबात नको. यावर माझं मत ठाम आहे. शब्दकोश उघडून कुणी कधी न ऐकलेला शब्द ग्रिडमध्ये कोंबला की कोडं अवघड होतं, स्टाईलदार होत नाही, आणि सोडवणारा शेवटी उत्तर बघून 'बरं' म्हणतो. 'अरेच्चा' म्हणत नाही. मिसळ, चिवडा, कांदा, पंचवटी असले रोजचे शब्द ओळखू येणार नाहीत असे लपवणं हे खरं कसब.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय ते. तू इंग्रजी क्रिप्टिक सोडवून शिकलीस हे तुझ्या क्लूंवरून दिसतंच, आणि मला वाटतं तुझी अडचणही तिथेच आहे. इंग्रजी सेटरचा हुकमी पत्ता अ‍ॅनाग्राम. आठ वेगवेगळी अक्षरं असली की ४०,३२० मांडण्या होतात, सोडवणारा कागदावर गोल काढून बसतो. मराठीत तीन अक्षरी शब्द घेतलास तर मांडण्या किती, फक्त ६! चार अक्षरांच्या २४. म्हणजे 'गोंधळ' हा शब्द दिसला रे दिसला की सरांचं उत्तर तयार. तरी तू प्रत्येक कोड्यात अ‍ॅनाग्राम घालतेस आणि बहुधा प्रत्येक वेळी 'गोंधळ' किंवा 'विस्कटलेला' हेच वापरतेस, होय ना? एखादी खोड वारंवार दिसते म्हणून ती स्टाईल होत नाही, ती नुसती सवय असते. मागची कोडी काढ, प्रत्येक क्लूच्या शेजारी प्रकार लिही, अ‍ॅनाग्राम, जोडशब्द, लपलेला, उलटा, आणि कुठला इंडिकेटर, म्हणजे खेळ सुचवणारा शब्द, वापरलास त्याखाली रेघ मार. जो सगळ्यात जास्त येईल त्याला काही महिने सुट्टी दे.

त्याच्या जागी मराठी तुला जे देते ते घे ना. लग्नपत्रिका हातात घेऊन बस, कोडेकाराला खजिना आहे. चि. आहे, सौ. आहे, कै. आहे, श्री. आहे. 'पत्रिकेतला नवरदेव आला, सोबत वडा, नाशिकहून हेच न्यायचं (३)' म्हणजे चि. अधिक वडा. 'पत्रिकेतले गृहस्थ आणि ग्रंथाचा एक भाग, पुरीबरोबर (३)' म्हणजे श्रीखंड. आणि माझा स्वतःचा आवडता, 'चि.सौ.कां. अखेरीस, दादा सुरुवातीलाच, डोळ्यांत पाणी आणतो हा (२)'. चि.सौ.कां.मधलं शेवटचं कां, दादाचं पहिलं दा. आख्खी पाठवणी उभी राहते डोळ्यापुढे आणि उत्तर निघतं कांदा. हा क्लू इंग्रजीत होऊच शकत नाही.

तसंच लपलेला शब्द. 'महाराज पानसुपारी घेतात, आत सापडतो देश (३)'. आपण बोलताना 'राज्' असं तोडतो म्हणून कानाला जपान ऐकूच येत नाही, डोळ्यांनी अक्षर अक्षर पाहिलं तरच दिसतो. कान फसवतो आणि डोळा वाचवतो अशा जागा मराठीत भरपूर आहेत. उलटे शब्द घे, नवजीवन दोन्हीकडून सारखाच: 'उलटून पडलो तरी पुन्हा नव्याने तेच जगणं (५)'. आयुर्वेद घे, क्रिकेट घे, 'अंपायरची आयुर्वेदिक गोळी, मिळते गोदाकाठी (४)' म्हणजे पंच अधिक वटी. गोदावरीसुद्धा सुटते: 'गाय, अर्धा दादा आणि उपवासाचं धान्य, सगळं हिच्यात (४)', गो, दा, वरी. वरी म्हणजे आपली भगर, नाशिकच्या सोडवणाऱ्याला इथे क्षणभर थांबावं लागेल, आणि तो थांबतो तिथेच मजा आहे. (दोन क्लूंत दादाला अर्धा कापलाय मी, बघितलंस ना, ही सवय.)

मग विभक्ती. मणीचा मण्या होतो म्हणून वरचा क्लू जमला, असे शब्द साठव. पण याच सामान्यरूपामुळे काही गोष्टी तुला एकदाच ठरवून टाकाव्या लागतील. ह्रस्व-दीर्घ काटेकोर पाळणार का, अनुस्वार मोजणार का, संधी होऊन अक्षर बदललं तर ते कसं सुचवणार, व्याख्येला प्रत्यय लागलेला चालेल का. इंग्रजीवाल्यांनी यातलं काही ठरवून दिलेलं नाही कारण त्यांना हे प्रश्नच नाहीत, मराठीतही सगळ्यांनी मिळून मानलेला असा एक नियम नाही, त्यामुळे तू जे ठरवशील आणि दर रविवारी तसंच पाळशील, त्यातून तुझा हात ओळखू यायला लागेल.

करायचं काय हेही सांगतो, फार नाही. प्रत्येक शब्दाला एकाच्या जागी तीन क्लू लिही, कच्चे चालतील, रात्रभर ठेव, सकाळी त्यातला एक निवड आणि उरलेले वहीत तसेच ठेव. काही महिन्यांनी ती वही वाच. तू काय टाकून देतेस ते बघ. काही जण राजकारणाचे सरफेस नेहमी टाकतात, काही जण स्वयंपाकघराचेच ठेवतात, काहींना चार शब्दांपेक्षा लांब क्लू सहनच होत नाही. तुला कशाचा कंटाळा येतो आणि कशाचा येत नाही हे त्या वहीत दिसेल, मग ते मुद्दाम आणावं लागणार नाही.

दुसरं, झिमेनीझच्या वेळेपासून ऑब्झर्व्हरमध्ये एक स्पर्धा असायची, वाचकांना एक शब्द द्यायचा आणि सगळ्यांनी त्याच शब्दावर क्लू लिहून पाठवायचा. १९७२ पासून एझेड नावाच्या सेटरने ती पुढे नेली (हेही स्पेलिंग उलटं वाचलं तर डेझा, अजून एक धर्मन्यायाधीश, यांचं हे वेडच). ग्रुपवर हे कर. 'मिसळ' दे सगळ्यांना. दहा जणांचे क्लू नावं काढून टाक आणि कुणाचा कुठला ते ओळखायला सांग. सरांना आधी.

तिसरं, कोडं टाकायच्या आधी एका माणसाला समोर बसवून सोडवायला दे, कॉलेज रोडला चहा पाज हवं तर, पण तू तोंड उघडायचं नाही. कुठे हसतो, कुठे कपाळावर आठी येते, कुठे उत्तर येऊनही 'हे कसं काय?' असं विचारतो, फक्त बघायचं. पेपरांमध्ये हे काम क्रॉसवर्ड एडिटर करतो, तुला तो नाहीये, आणि स्वतःचा क्लू स्वतःला नेहमीच सोपा वाटतो.

वाचायचंही असेल तर नावासकट छापलेली कोडी सोडव. लंडनच्या 'टाइम्स'चं रोजचं कोडं १९३० पासून बिननावाचं येतं, तिथे कोण लिहितंय ते कळू नये अशीच पद्धत. गार्डियनने १९७० पासून टोपणनावं छापायला सुरुवात केली. आपल्याकडे 'द हिंदू'च्या कोड्यावरही सेटरचं नाव असतं, आणि त्यांचे सुरुवातीचे सेटर कोण होते माहितीय का, अ‍ॅडमिरल कटारी, भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख! नाव झाकून सोडव, अर्ध्यात आल्यावर कोण असेल ते लिहून ठेव, मग नाव बघ. चुकशील आधी. ज्या दिवशी बरोबर यायला लागेल त्या दिवशी स्वतःला विचार की कशावरून ओळखलं. मराठीसाठी सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन जुने दिवाळी अंक काढ, त्यातली कोडी गूढ नसतात, पण शब्दांची निवड बघ.

राहिलं टोपणनाव. घे की, पण त्याने क्लू सुधारणार नाहीत, फक्त तुझ्यावर जबाबदारी येईल, आणि ती आलेली बरी. आपल्या गावात तर यातला उस्ताद होऊन गेला. शिरवाडकरांच्या बहिणीचं नाव कुसुम, तिचा मोठा भाऊ म्हणजे अग्रज, झाले कुसुमाग्रज, संधीसकट तयार जोडशब्द. तूही असंच काहीतरी शोध जे तोडता येईल, लपवता येईल, उलटं वाचता येईल, आणि चार-पाच अक्षरांच्या वर जाऊ देऊ नकोस, म्हणजे कधीतरी तुझ्याच ग्रिडमध्ये बसवता येईल. शोधलंस की त्याच्यावर क्लू लिहून मला पाठव, नाव सांगू नकोस.